फावड्याला फावडे

इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराला व्याकरणाची फारशी भीती वाटत नाही. ते निदान पुस्तकाप्रमाणे वागते. भीती वाटते ती वाक्प्रचारांची. त्यातून मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला. कादंबऱ्या लिहितो त्या मराठीत. इंग्रजीत मी मुलांच्या एक धडा पुढे असतो, इतकेच!

इंग्रजांचे फावडे, म्हणजे ‘स्पेड’, भलतेच कामसू. कोणत्याही कार्याआधीची कंटाळवाणी पूर्वतयारी म्हणजे ‘स्पेडवर्क’. आपण पैसा खोऱ्याने ओढतो, तसे त्यांच्याकडे काही उदंड असले की ते ‘इन स्पेड्स’ असते. पण हे स्पेड पत्त्यांतले, फावडे नव्हे. आणि स्पष्ट बोलणे म्हणजे ‘टु कॉल अ स्पेड अ स्पेड’.

हा शेवटचा वाक्प्रचार मी आठवीच्या चाचणीत वाक्यात योजायला दिला. एका मुलाने लिहिले, ‘माझे वडील फावड्याला फावडे म्हणतात, कारण त्याला दुसरे नाव नाही.’ वडील लोकांच्या शेतावर मजुरीला जात. मी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला, मीही हसलो आणि शून्य दिले. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला त्याची मान खाली.

पुढे दिवाळीच्या सुटीत तालुक्याच्या वाचनालयात एक जाड कोश चाळताना या फावड्याचे मूळ सापडले. मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडे काही फितूर गाऱ्हाणे घेऊन आले : ‘तुमची माणसे आम्हांला देशद्रोही म्हणतात.’ राजा म्हणाला, ‘आमची माणसे गावंढळ, काथवटीला काथवटच म्हणतात.’ मूळ ग्रीकमध्ये काथवट होती. महापंडित इरॅस्मसने ती गोष्ट लॅटिनमध्ये आणताना काथवटीचे खोदायचे अवजार केले आणि 1542 मध्ये निकोलस युडॉलने त्याला इंग्रजीत फावडे केले. वर लिहिले की, फावड्याला दुसरे नाव देण्याची अक्कल या लोकांना नव्हती!

मी कोश मिटला. पंडिताच्या हातची चूक पावणेपाचशेहून अधिक वर्षे भाषेत मिरवते आहे, आणि मूळ गोष्टीचा मर्म नकळत सांगणाऱ्या पोराला माझ्याकडून शून्य!

सुटीनंतर ही हकिकत वर्गाला सांगितली. तो मुलगा हळूच उभा राहिला.

“मग सर, चुकलं कोण?”

तोंडाशी पुष्कळ शब्द आले. प्रश्न संदिग्ध होता, गैरसमज झाला, पुस्तकात एवढे दिलेले नसते... कादंबरीकाराला शब्दांची काय वाण!

शेवटी म्हणालो, “मी चुकलो. आणि हसलो, ते त्याहून वाईट केलं.”

वर्गात कोणी हसले नाही. तो खाली बसला, आणि त्या तासाला त्याने मान वर ठेवली. खाली होती ती माझी.