वहिवाट

रेडिंगहून डिडकॉटकडे थांबत थांबत जाणाऱ्या गाडीत बसलं की गोरिंग तिसरं स्टेशन. नदीच्या पूर्वेला गोरिंग, पश्चिमेला स्ट्रीटली; मधल्या बेटांवर पाय टेकत गेलेला पूल, एक लॉक आणि बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याचा अखंड आवाज. पुलाचं एक टोक ऑक्सफर्डशायरमध्ये, दुसरं बर्कशायरमध्ये. हिमयुगात थेम्सने इथला खडूच्या दगडाचा डोंगर कापला आणि एक खिंड तयार झाली. तिच्या एका अंगाला चिल्टर्नच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला बर्कशायर डाउन्स. पळणाऱ्या माणसापुरता या भूगोलाचा अर्थ सोपा आहे : नदीच्या सोबतीने गेलात तर सपाट, नदीकडे पाठ केलीत की चढ.

मी सहा वर्षं इथे रविवारी पळायला येते. नवख्या माणसाला मी आधी पँगबोर्नची वाट सांगते. गोरिंगचा पूल ओलांडायचा नाही, ऑक्सफर्डशायरच्या काठानेच नदीबरोबर खाली जायचं. साधारण साडेसहा किलोमीटर. सुरुवातीला कुरणं, मग डोक्यावर ब्रुनेलचा गेटहॅम्प्टनचा विटांचा रेल्वेपूल. १८४० साली त्यावरून गाड्या सुरू झाल्या, अजून धावताहेत. पुलानंतर वाट नदीला सोडून हार्टस्लॉकच्या रानात चढते. झाडांतून खाली नदी दिसत राहते, आणि धाप का लागली आहे ते विसरायला होतं. इथल्या खडूच्या उतारावर मे महिन्यात माकड-ऑर्किड फुलतं. जांभळट-गुलाबी फूल, खरोखरच हातपाय पसरलेल्या माकडासारखं. इंग्लंडात ते फार थोड्या ठिकाणी उरलं आहे. पुढे व्हिटचर्च, आणि तिथला टोलचा पूल. गाड्यांना पैसे पडतात, पायी माणसाला फुकट. पलीकडे पँगबोर्न, आणि परतीची गाडी.

चढाची हौस असेल त्याने स्ट्रीटलीच्या बाजूला जावं. लार्डन चेस नावाच्या टेकडीवरून खिंड, नदी आणि दोन्ही गावं एका नजरेत येतात, वर लाल घारी गिरक्या घेत असतात. या घारी इथून नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनमधून पिल्लं आणून त्या पुन्हा वसवल्या. हिवाळ्यात मात्र ही टेकडी टाळावी. ओला खडू बुटाला असा चिकटतो की एकेक पाय किलोभर जड होतो.

हे सगळं देखणं आहेच. पण पहिल्या वर्षी माझं लक्ष देखाव्यावर नव्हतंच. नकाशातली हिरवी तुटक रेघ कुणाच्या तरी गव्हातून, कुणाच्या गोठ्याशेजारून, एकदा तर थेट घराच्या अंगणातून जायची, आणि मी फाटकाशी थबकायचे. आत कुणीतरी ट्रॅक्टर धुत असायचं. मी गोऱ्या गावातली एकटी सावळी बाई, घामाघूम, कुणाच्या तरी मालकीच्या जमिनीवर. तो माणूस मान वर करून म्हणायचा, ‘मॉर्निंग’, आणि पुन्हा ट्रॅक्टर धुऊ लागायचा.

फोनवर आण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, “कुणाच्या रानातनं पळतीस गं? इचारलंस का त्याला?”

विचारायचं नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये (स्कॉटलंडचा कायदा वेगळा, आणि जास्त उदार) शेत खासगी असलं तरी त्यातून जाणारी पाऊलवाट सार्वजनिक असू शकते, आणि तिथून जाणं हा हक्क असतो, मालकाची मेहरबानी नव्हे. १९४९च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला अशा वाटांचा अधिकृत नकाशा करायला लावलं. लोक एखाद्या वाटेने २० वर्षं बिनदिक्कत, कुणाच्या परवानगीशिवाय जात राहिले आणि मालकाने हरकत नोंदवली नाही, तर ती त्याने सार्वजनिक केली असं १९८०चा महामार्ग कायदा धरून चालतो. हे काही सुखासुखी झालेलं नाही. १९३२मध्ये किंडर स्काउट या माळावर मुद्दाम घुसलेल्यांपैकी पाच तरुण तुरुंगात गेले होते.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच शब्द उच्चारला, “वहिवाट.”

तो शब्द आमच्या घरात देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा घेतला जातो. कृष्णाकाठी आमचं सव्वादोन एकर आहे, मळीचं, ऊस काढावा असं. त्याकडे जाणारी पाणंद आजोबांच्या आधीपासूनची. नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्याने, आमच्याच भावकीतल्या, तिच्यात चर मारला आणि पुढच्या लागणीला उसाची सरी सोडली. रस्ता नाही म्हणजे ट्रॉली नाही. तोडलेला ऊस मोळ्या बांधून बांधाबांधाने डांबरीपर्यंत न्यायचा. तोडकरी त्याचे जादा पैसे मागतात, आणि ऊस जितका पडून राहील तितका वाळतो, वजनात मार खातो. दोन हंगाम मोळ्या आईनेही वाहिल्या. तिची मान तेव्हापासून डावीकडे पुरती वळत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. १९०६चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे. अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज केला तर तहसीलदार वाट मोकळी करून देऊ शकतो. आण्णांनी चौथ्या महिन्यात अर्ज केला. पंचनामा झाला, आदेश आमच्या बाजूने लागला, शेजारी वर गेला, तिथून प्रकरण खाली आलं, मग दिवाणीत. आण्णांच्या पिशवीत कलमांचे आकडे तोंडपाठ असलेला एक माणूस राहतो, असं मी चेष्टेने म्हणायचे. हल्ली म्हणत नाही.

गोरिंगहून वरच्या अंगाला पळताना मला ही पाणंद हटकून आठवते, कारण तिथे नदीकाठची वाटच तुटलेली आहे. पूर्वी घोडे काठावरून चालत आणि दोराने नावा ओढत. कुठे मालकाने वाट नाकारली, कुठे काठ सोयीचा नव्हता, म्हणून ही घोडवाट सारखी काठ बदलायची आणि तिथे तर असायची. मुल्सफर्डची तर बंद पडली. आता थेम्स पाथ तिथे नदी सोडून गावातून वळसा घेतो. समोरच्या काठावर साउथ स्टोकवरून जाणारी रिजवेची वाट दिसते, पण जायची सोय नाही. गोरिंगनंतर पूल थेट वॉलिंगफर्डला. दोन्ही काठ जोडून पळायचं तर वीसेक किलोमीटरांची तयारी हवी. उन्हाळ्यात त्यात नेटल येते, खाजकुइलीची आठवण करून देणारी. आणि गाई. गाईंच्या कळपातून पळू नये, चालावं.

माझी आवडती वाट मात्र नदीपासून दूर जाते, पूर्वेला स्टोक रोकडे, बीचच्या रानांतून चढत. तिथे गावाच्या मधोमध सोनेरी हत्ती आणि घुमट असलेली एक विहीर आहे. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंहांनी दिलेली, १८६४ साली पुरी झालेली. खडूत पाणी ठरत नाही; खाली थेम्स वाहते आणि टेकडीवरचं गाव तहानलेलं. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते, त्यांच्याकडून महाराजांनी ही हकिकत ऐकली होती. ३६८ फूट, हाताने खणलेली. पाणी सगळ्यांना फुकट. गेल्या वर्षी मे महिन्यात आण्णा आले तेव्हा त्यांना गाडीने तिथे नेलं. ते कठड्यावरून खाली बघत राहिले आणि म्हणाले, “खणणाऱ्याची बायको वर काय करत असंल तवा?”

दुसऱ्या दिवशी त्यांना गोरिंगजवळच्या एका शेतात नेलं. सातूचं पीक मांडीपर्यंत आलेलं, आणि त्याच्या मधोमध सरळ, स्वच्छ वाट. मी सांगितलं, नांगरलं तर शेतकऱ्याने १४ दिवसांत वाट पुन्हा करून द्यायची, आणि ती निदान एक मीटर रुंद हवी. आण्णा वाकले. दोन वितींत माती मोजली, बोटांत चोळून बघितली.

“एक मीटर? हितनं बैलगाडी कशी न्यायाची?”

“ही चालणाऱ्यांची वाट आहे, आण्णा.”

“नुस्तं चालायला?”

“हो.”

“कुठं जायाला?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. समोरून एक म्हातारं जोडपं कुत्र्याला घेऊन आलं, बाजूला झालं, ‘लव्हली डे’ म्हणालं. आण्णांनी हात जोडले. शेताच्या टोकाला फाटक होतं. त्यांनी ते लावलं, कडी बसली का ते दोनदा हलवून बघितलं. मग फाटकाशेजारच्या खांबावरची ‘पब्लिक फूटपाथ’ची पाटी त्यांच्या नजरेला पडली.

“हिचा फोटो काढ,” ते म्हणाले. “आन् ह्यो मानूस कोन हाय, जमीन किती हाय, त्येबी लिवून दे. तारीख जूनमधी हाय. वकिलाला दाखवतो.”