सिम्प्लिसियोची बाजू

गॅलिलिओचा दोन नव्या विज्ञानांवरचा ग्रंथ १६३८ मध्ये लायडेन येथे छापून निघाला, तेव्हा तो आर्चेत्री येथे नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती. आम्ही साहित्याचे शिक्षक. या ग्रंथाकडे वळलो ते त्याच्या संवादरूपासाठी. साल्व्हियाती, साग्रेदो आणि सिम्प्लिसियो या तिघांतला सिम्प्लिसियो हा जुन्या मताचा, म्हणून हास्यास्पद, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो.

तिसऱ्या दिवसाच्या संवादात एक प्रयोग येतो. सुमारे बारा हात लांबीची लाकडी तुळई, तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच, खाचेला गुळगुळीत चर्मपत्राचे अस्तर. तुळईचे एक टोक उचलायचे आणि काशाचा गोळा सोडायचा. वेळ मोजायची ती बारीक धारेने पेल्यात पडलेले पाणी तागडीत तोलून! निम्म्या वेळात गोळा पाव अंतरच जातो, हे शंभर शंभर वेळा पडताळले. यावर सिम्प्लिसियो इतकेच म्हणतो की, मी तिथे हजर असतो तर बरे झाले असते, पण तुमच्यावर माझा विश्वास आहे.

या वाक्यापाशी आम्ही अडखळलो.

आमच्या लहानपणी घराजवळच्या धान्यगोदामासमोर हातगाड्या चढवण्यासाठी सिमेंटचा उतार होता. तिथे आम्ही आमची लोखंडी रिंग सोडायचो आणि धाकटा भाऊ काचेची गोटी. रिंग गोटीच्या कितीतरी पट जड. ती जिंकणारच, याविषयी आम्हांस शंका नव्हती. गोटी दर वेळी पुढे. तू ढकलतोस, असे म्हणून एके दिवशी आम्ही त्याच्या कानाखाली वाजवली. तो रडला नाही; गोटी खिशात घालून निघून गेला. पुन्हा त्या उतारावर आला नाही.

सपाट रस्त्यावर रिंग हलवायला जोर लागे आणि एकदा सुटली की आवरत नसे. तोच अनुभव आम्ही उतारावर लादला होता. वस्तू जड असेल तर तिला खाली ओढणारे बल जास्त, हे खरे. परंतु तिला गती द्यायलाही त्याच प्रमाणात जास्त बल लागते. हिशेब तिथेच फिटतो. निकाल लागतो तो वजन कुठे साठले आहे यावर. रिंगचे सगळे वजन कडेला, म्हणून उतरताना मिळालेली निम्मी ऊर्जा नुसत्या फिरण्यात जाते. भरीव गोटीची सातांतले दोनच भाग. गोटी दहा हात उतरते तेव्हा रिंग सातच हात. (गॅलिलिओच्या गोळ्यालाही हा फिरण्याचा कर पडत होता, त्याने तो हिशेबात धरला नव्हता, पण कर सर्वत्र सारख्याच दराने असल्यामुळे त्याचे प्रमाण बिघडले नाही.)

म्हणजे सिम्प्लिसियो आमच्याहून सभ्य. तो तिथे नव्हता, तरी त्याने विश्वास ठेवला. आम्ही तिथेच उभे होतो.

परवा भावाला फोन करून आम्ही हे सगळे सांगितले, जरा लांबण लावूनच. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, "दादा, पहिल्या दिवशी मात्र मी खरंच ढकलली होती."