भोजनशुल्क वगळून

माझ्या नोकरीचा बराचसा काळ महाराष्ट्रापासून दूर, उत्तरेकडील एका राज्यात गेला. तेथील शासकीय कर्मचाऱ्यांची आरोग्ययोजना एका न्यासामार्फत चालत असे आणि २०१९ साली तिचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे होता. अतिरिक्त कार्यभार म्हणजे काय, हे सेवेतील वाचकांना सांगावयास नको. मूळ खात्याचे काम आटोपल्यावर, सायंकाळी सहानंतर, ज्या नस्त्यांवर घाईने सह्या होतात, त्या या.

अशाच एका सायंकाळी पाटबंधारे खात्यातील एका कनिष्ठ अभियंत्याची नस्ती समोर आली. त्याची १९ वर्षांची मुलगी अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसाने आजारी होती. वजन ३१ किलोवर आले तेव्हा तिला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल केले गेले. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या देहाला एकदम भरपूर अन्न दिले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरते आणि हृदय बंद पडू शकते. म्हणून तेथे ११ दिवस मोजूनमापून अन्न देण्यात आले. त्या ११ दिवसांचे देयक आम्ही एकही प्रश्न न विचारता चुकते केले होते. त्यात सलाईन होते, ईसीजी होता, रक्ताच्या तपासण्या होत्या. उपचार कागदावर उपचारासारखा दिसत होता.

प्रश्न पुढच्या देयकाचा होता. रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांनी लेखी सल्ला दिला होता की, मुलीस तशीच घरी पाठविल्यास ती पुन्हा खाणे सोडेल. तिला काही आठवडे निवासी उपचारांची गरज आहे. त्यानुसार वडिलांनी तिला बंगळुरूच्या एका लहान संस्थेत दहा आठवडे ठेवले. संस्था मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ खाली नोंदणीकृत होती. त्या देयकावर आमच्या छाननी कक्षाने तीन आक्षेप नोंदविले होते. संस्थेत आठच खाटा, सबब ते रुग्णालय नव्हे. दाखल होण्याचे स्वरूप विश्रांती व संगोपनाचे, सबब वर्ज्य. आणि देयकाचा सर्वात मोठा भाग भोजन व निवास यांचा, सबब अग्राह्य. मी ‘सहमत’ असे लिहून सही केली. फार तर दोन मिनिटे लागली असतील.

पंधरवड्याने तो अभियंता भेटीस आला. त्याने तक्रार केली नाही, आवाजही चढविला नाही. तेथील दैनंदिन नोंदवही त्याने सोबत आणली होती. दिवसातून सहा वेळा खाणे, प्रत्येक वेळी शेजारी परिचारिका, खाल्ल्यावर तासभर मुलीला एकटे न सोडणे, मग समुपदेशकाशी बोलणे. तो म्हणाला, “साहेब, आपण जेवण वजा केलंत. पण तिचं औषध तेच होतं.” भविष्य निर्वाह निधीतून त्याने अग्रिम काढला होता. धाकट्या मुलाची शिकवणी बंद केली होती, हे शिपायाने मला नंतर सांगितले.

तेव्हा मी अधिनियम प्रथमच नीट वाचला, हे कबूल केलेले बरे. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम २१(४) नुसार प्रत्येक विमाकर्त्याने मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्याच धर्तीवर विम्याची तरतूद करावयाची आहे. विमा नियामक प्राधिकरणानेही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपन्यांना तसे कळविले होते. याच आधारावर मी वित्त विभागाकडे फेरविचाराची टिपणी पाठविली.

आलेला अभिप्राय चोख होता. एक, न्यास हा विमाकर्ता नव्हे. दोन, हाड मोडलेल्या कर्मचाऱ्याच्याही विश्रामगृहाचा खर्च आपण देत नाही, तेव्हा दोन्ही आजारांना वागणूक समानच आहे! वित्त विभागाची बुद्धी मी कधीच कमी लेखली नाही.

पण ‘समान’ या शब्दाचे माप कोणाच्या देहावर बेतलेले आहे? विम्यातील रुग्णालयाची व्याख्या म्हणजे दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० खाटा, इतरत्र १५. जेथे शस्त्रक्रिया होतात तेथे सुसज्ज शस्त्रक्रियागृह. ही व्याख्या अपेंडिक्सच्या रुग्णाला डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. आणि ती अढळ आहे असेही नाही. मोतीबिंदू, डायलिसिस, केमोथेरपी यांसाठी चोवीस तास दाखल राहण्याची अट शिथिल झाली. आयुष रुग्णालयांसाठी तर पाच खाटा पुरेशा मानल्या गेल्या. देहाच्या सोयीने व्याख्या वाकली, आयुर्वेदासाठीही वाकली. या मुलीच्या वेळी मात्र आम्ही खाटा मोजत बसलो.

आयुष्मान भारत योजनेचेही पाहिले. तिच्या पॅकेजांच्या यादीत शारीरिक बिघाडांशी निगडित वर्तनविकारांचे एक शीर्षक आहे. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत याच गटाचा पहिला क्रमांक, एफ-५०, आहारविकारांचा आहे. म्हणजे दार आहे, पण ते रुग्णालयातील खाटेपाशीच उघडते. अधिनियमाच्या कलम १८ मध्ये अर्धवाट निवास आणि आधारयुक्त निवास यांची तरतूद करण्याचे दायित्व शासनावर टाकलेले आहे. ते कलम आणि विम्याचे कलम एकाच अधिनियमात असून त्यांची आपसांत ओळख नाही.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम २१(४) अधिनियम लागू झाल्या दिवसापासून बंधनकारक असल्याचे एका विमाकंपनीला सुनावले. तोवर माझी बदली होऊन गेली होती. जाण्यापूर्वी मला जमले ते एवढेच: डॉक्टरांचे शुल्क, समुपदेशन, परिचर्या व तपासण्या यांचा खर्च विशेष बाब म्हणून मंजूर. भोजन व निवासाच्या रकमेवर वित्त विभाग हलला नाही आणि मीही ती नस्ती वर, मुख्य सचिवांकडे, नेली नाही. तेव्हा दुसरेच एक प्रकरण मला तेथे मंजूर करून घ्यावयाचे होते.

मुलगी पुन्हा त्याच वैद्यकीय महाविद्यालयात वर्षभरात दोनदा दाखल झाल्याचे मला माझ्या उत्तराधिकाऱ्याकडून कळले. दोन्ही देयके आक्षेपाविना निघाली.

त्या बंगळुरूच्या देयकाची छायाप्रत माझ्याकडे राहून गेली आहे. तिसऱ्या पानावर ‘सकाळी ११ : दूध व दोन खजूर, परिचारिकेच्या उपस्थितीत’ अशी नोंद आहे. रक्कम ४० रुपये. त्यावर लाल पेन्सिलची आडवी रेघ आहे आणि तिच्याखाली माझी आद्याक्षरे.