बाहेरची फाइल

रविवारी सकाळी आईचा पुण्याहून फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आज सुट्टी ना रे?" मी तेव्हा अमवाजहून मुहर्रककडे जाणाऱ्या रस्त्यावर, ऑफिसच्या वाटेवर असतो. बहारीनमध्ये २००६ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारी, त्याआधी गुरुवार-शुक्रवारी असायची. हे आईला शंभरदा सांगून झालंय. पण 'रविवार म्हणजे सुट्टी' हे तिच्या डोक्यात आत पक्कं बसलंय, बाहेरून कितीही सांगा!

मी तिला हसायचो. मग २ जानेवारी २०२२चा रविवार उजाडला.

त्याचं असं आहे मंडळी, बहारीनमध्ये व्हॅट सुरू झाला २०१९ साली, ५ टक्क्यांनी. १ जानेवारी २०२२ पासून तो १० टक्के झाला. कंपनीत मला घेतलंय संशोधनासाठी, पण 'डॉक्टरला जावा येतं' म्हणून बिलांचा सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. व्हॅटचा दर मी शहाण्यासारखा कोडच्या बाहेर ठेवला होता. जावाचं अ‍ॅप्लिकेशन आपण जार फाइलमध्ये बांधून सर्व्हरवर ठेवतो. दर तिच्या आत असेल तर एक आकडा बदलायला सगळं गाठोडं पुन्हा बांधा! म्हणून बाहेर एक साधी प्रॉपर्टीज फाइल. आकडा बदला, सर्व्हर पुन्हा सुरू करा, संपलं.

३१ डिसेंबरला फाइलमध्ये ५चे १० केले. चाचणीच्या प्रतीवर हाताने सर्व्हर सुरू करून पाहिला, बरोबर १० टक्के आले. खरा सर्व्हर मध्यरात्री आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सोय केली आणि निवांत समुद्रकाठी फिरायला गेलो.

रविवारी आईचा फोन ठेवतो न ठेवतो तोच अकाउंट्सच्या मल्याळी सद्गृहस्थांचा फोन. एकोणतीस बिलं गेली होती, सगळी ५ टक्क्यांनी!

घोळ असा होता. फाइलचा पत्ता मी अर्धवट दिला होता, 'कॉन्फिग फोल्डरमधली फाइल' एवढाच. असा पत्ता जावा जिथून प्रोग्रॅम सुरू झाला त्या डिरेक्टरीपासून शोधतं. मी हाताने सुरू केला तो अ‍ॅप्लिकेशनच्या फोल्डरमधून. मध्यरात्री तो सर्व्हिस म्हणून सुरू झाला थेट रूटमधून. तिथे कुठली आलीय फाइल? आणि कोडमध्ये मीच लिहून ठेवलं होतं, 'फाइल सापडली नाही तर ५ धरा.' सर्व्हरने मुकाट्याने ५ धरले. ना एरर, ना तक्रार. पीएचडीच्या प्रोग्रॅममध्येही मी असंच करायचो, पण तो चालवणारा मी एकटाच, त्यामुळे कधी अडलं नाही.

सगळी बिलं दुरुस्त करून, माफीच्या पत्रासह पुन्हा पाठवली. मग सुधारणा केली. आता फाइलचा पूर्ण पत्ता सर्व्हर सुरू करतानाच सिस्टिम प्रॉपर्टी म्हणून द्यायचा. सुरू होताना कोणती फाइल वाचली आणि दर किती मिळाला हे लॉगमध्ये लिहायचं. फाइल नसेल किंवा दर नसेल तर सर्व्हरने सुरूच व्हायचं नाही, चक्क अडून बसायचं! जाता जाता आणखी एक खोड सापडली. प्रॉपर्टीज फाइल थेट स्ट्रीममधून वाचली तर जावा ती लॅटिन लिपीची समजतं आणि अरबी नावांचा चुराडा होतो. यूटीएफ-८ सांगून रीडरमधून वाचली की ठीक. आपल्या मराठीलाही हेच लागू.

अमवाज म्हणजे समुद्रात भर घालून केलेली बेटं. इथली जमीनसुद्धा माणसाने आणून टाकलेली. अशा ठिकाणी राहून मी 'आतलं तेच खरं' असं कोडमध्ये लिहून ठेवावं, म्हणजे कमालच.

असो. आता रविवारी आईने विचारलं तर मी हसत नाही. ती निदान विचारते तरी! माझ्या सर्व्हरने तेवढंही केलं नव्हतं.