चारशे सी.सी.चा फरक

वजाबाकी करायला बी.कॉम. व्हावं लागत नाही. अँबेसिडरचं जुनं पेट्रोल इंजिन 1489 सी.सी.चं, प्रीमियर पद्मिनीचं 1089. वजा करा, उरले चारशे. पण या चारशे सी.सी.वरून आमच्या घरात जेवढं वाजलं, तेवढं इस्टेटीच्या वाटण्यांवरूनही वाजलं नाही. कारण उघड होतं. काकांकडे अँबेसिडर होती आणि मामाकडे पद्मिनी. म्हणजे वाद मोटारींचा नव्हताच, सासर आणि माहेर यांचा होता.

काकांची बाजू भारदस्त. गाडी मूळची विलायतेतली मॉरिस ऑक्सफर्ड, इथं कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबेसिडर म्हणून घडलेली. मंत्री तिच्यातून उतरायचे, कलेक्टर तिच्यातून उतरायचे. त्यामुळे काका मेथीची जुडी आणायला गेले तरी मंडईचं उद्घाटन करून आल्यासारखे परतायचे. मागच्या सीटवर चार माणसं, चौघांच्या मांडीवर चार पोरं, आणि वर काका म्हणायचे, "अजून एक मावेल!"

मामाची गाडी मूळची इटलीची फियाट 1100, जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. पुढे तिचं नाव पद्मिनी झालं, पण लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला माहेरी जुन्याच नावानं हाक मारतात, तसं मामा तिला 'फियाट'च म्हणायचा. अंगानं हलकी, वळायला चटपटीत, पेट्रोल बेताचं. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिलाच पसंत केलं होतं, आणि खर्चाचा हिशेब टॅक्सीवाल्याला कळतो तसा आमच्या मॅनेजरलाही कळत नाही. एकमत एवढंच, की दोघींचाही गिअर स्टिअरिंगपाशी. त्यामुळे पुढे मधोमध बसायचा मान माझा.

या वादाचा ताळेबंद जुळला तो 1991च्या पावसाळ्यात. रात्री दीड वाजता आजोबांना धाप लागली. आमचा वाडा बोळात. अँबेसिडर बोळाच्या तोंडाशीच अडली; तिचा तो रुबाब तिथं काय कामाचा? मामा जवळच राहायचा. त्याची फियाट रुंदीला जवळजवळ वीतभर कमी. ती दारापर्यंत आली, आणि पावसात भिजत, हातात बॅटरी घेऊन उलटं चालत तिला वाट दाखवत होते ते खुद्द काका! "या, या, सरळ येऊ द्या!"

आठ दिवसांनी आजोबांना घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "बसवून नेऊ नका." आता मामाच बोलला, "काका, तुमचीच काढा." आजोबा आजीच्या मांडीवर डोकं ठेवून अँबेसिडरच्या मागच्या सीटवर ऐसपैस आले. बोळापासून दारापर्यंत मात्र त्यांना खुर्चीतून आणलं. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मामा. प्रवासाचा सगळ्यात अवघड टप्पा असा शून्य सी.सी.वर पार पडला.

आता दोन्ही खाती बंद झाली. अँबेसिडरचं उत्पादन 2014 साली थांबलं. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीनं 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्ता सोडला. वाद तेवढा अजून चालू आहे. काका ऐंशीचे, मामा सत्तरीचा. दिवाळीला भेटले की फराळाच्या ताटांवरून चारशे सी.सी. पुन्हा निघतात. कोणी मागं हटत नाही.

मग काकांचे गुडघे धरतात, आणि त्यांना खुर्चीतून उठवायला हात मामाच देतो.