दिव्याखाली अंधार

जुन्या स्पोर्ट्‌स गाडीच्या डॅशबोर्डावर पिवळा दिवा पेटला, की मालकाच्या पोटात गोळा येतो. दिवा बिचारा रागावलेला नसतो. त्याला काहीतरी सांगायचं असतं, एवढंच. १९८९ साली आलेली माझदाची पहिली एमएक्स-५ घ्या. बॉनेटखालच्या ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या डबीत ‘टीईएन’ आणि ‘जीएनडी’ ही दोन घरं वायरच्या तुकड्यानं जोडायची, इंजिन सुरू न करता किल्ली फिरवायची आणि दिव्याची लुकलुक मोजत बसायचं. लांब लुकलुक म्हणजे दशक, छोटी म्हणजे एकक. एक लांब, पाच छोट्या : पंधरा! तक्रार ऑक्सिजन सेन्सरची.

पण ज्याचं नाव आलं तोच चोर, असं नसतं. कधी सेन्सर धडधाकट असतो आणि त्याची वायरच तुटलेली असते. म्हणून आधी वायर बघावी, मग पाकीट काढावं.

ब्रेकचा लाल दिवा मात्र कोडी घालत नाही. हँडब्रेक सोडूनही तो विझला नाही, तर गाडी हलवू नये. ब्रेकचं तेल बघावं. काही शूर मंडळी अशा दिव्यावर चिकटपट्टी लावतात. तेवढ्यानं दिवा दिसेनासा होतो. ब्रेक काही लागत नाही.