कोणत्या खात्याची गाडी?

जुन्या जीपची डायरी : हप्ता तिसरा

बुधवार, छत्रपती संभाजीनगर

लिलाव आणि कागदपत्रांचं रामायण मागच्या दोन हप्त्यांत सांगून झालं. आता गाडी दारात आहे आणि ती चालते. चालते म्हणजे हीटर वीस आकडे मोजेपर्यंत तापवायचा, मग चावी फिरवायची. पहिल्यांदा ती खोकते, दुसऱ्यांदा सगळा वाडा धुरात घालते, तिसऱ्यांदा शेजारी गॅलरीत येतात, आणि मग चालते.

महिंद्रा एमएम ५४०, १९९१ सालची. एका खात्यातून निघाली, मधल्या मालकाकडे बारा वर्षं राहिली, मग माझ्याकडे आली. रंग शेवाळी. पण बॉनेटवर पाणी पडलं की खालचा पांढरा थर जागा होतो आणि काचेखालच्या पत्र्यावर जुनी अक्षरं उमटतात. ‘ष्ट्र शासन’ एवढं मला लागतं; पुढचं मागचं मधल्या मालकाने पॉलिश पेपरने घासून टाकलंय.

उद्या तिला घेऊन बाहेर पडायचंय. सोबत मामा आहेत. वय त्र्याहत्तर. १९७२ च्या दुष्काळात जायकवाडीच्या कामावर रोजंदारीने लागले, पुढे ड्रायव्हर झाले आणि निवृत्तीपर्यंत जीपच चालवली. या गाडीत ते माझ्या शेजारी बसतात तेव्हा त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधतो.

दुपारी उस्तादांच्या गॅरेजात गेलो. जुन्या जीपांच्या शहरातल्या शेवटच्या काही हकिमांपैकी ते एक. त्यांनी बॉनेट उघडलं, कान लावला, आणि मला शिकवलं : “एक्सडीपी चार-नब्बे. चार सिलिंडर, नब्बे का बोर. नाम में ही नाप है, मियाँ.” घरी येऊन गणित केलं. नव्वद मिलिमीटरचा बोर, त्र्याऐंशीचा स्ट्रोक, चार सिलिंडर. उत्तर बरोब्बर २,११२ सीसी. मूळ आराखडा फ्रान्सच्या पेजो कंपनीचा. निघताना उस्तादांनी बारा नंबरचा एक पाना आणि फडकं हातात ठेवलं. पैसे विचारले तर, “नक्को. लगेगा तुमको.”

रात्री शहागंजात नान-खलिया खाताना मी मामांना जीपचा इतिहास सांगू लागलो. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दिला आणि मोठी ऑर्डर विलीज आणि फोर्डने नेली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांवर जीप तयार झाल्या. त्या काळात के. सी. महिंद्रा भारताच्या पुरवठा मोहिमेचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. ते परतले, आणि २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत कंपनी निघाली. तिचं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि नंतर गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवर दुसरं ‘महिंद्रा’ चढलं. पहिल्या पंच्याहत्तर जीप सुट्या भागांच्या खोक्यांतून आल्या आणि माझगावात जोडल्या गेल्या.

मामांनी शांतपणे नानचा तुकडा रश्श्यात बुडवला. “ते असंल. आमच्याकडं ती साहेबाबरोबर आली.”

याच्यावर मी रात्रभर विचार केला. मराठवाड्यात ही गाडी कुणी हौसेने घेतलेली मला आठवत नाही. ती तहसीलदाराची, बीडीओची, फौजदाराची, धरणाच्या इंजिनिअरची. गावात धूळ दिसली की पोरं धावत आणि मोठी माणसं घरात शिरत. वसुली असेल, नसबंदी असेल, पंचनामा असेल.

गुरुवार, कन्नड

नवा हमरस्ता सोडून जुन्या वाटेने, दौलताबाद, खुलताबाद करत आलो. दौलताबादच्या तटबंदीतल्या दरवाजातून अजून गाड्या जातात. एका वेळी एक. समोर एसटी, मागे सहलीची बस, मध्ये आम्ही, आणि डाव्या हाताला आरशापासून वीतभर अंतरावर किल्ल्याचा दगड. पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढणं.

पन्नासला गाडी सुखात असते. साठला काच थरथरते, पासष्टला आपले दात. समृद्धी महामार्गावर ताशी एकशे वीसची मुभा आहे. तिथे आम्ही गेलो तर मागून येणाऱ्याला आम्ही उभेच आहोत असं वाटेल. आमच्या शहराने वाळूजला १९८५ पासून बजाजची दुचाकी बनवली, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा जोडली, आता बिडकीनला टोयोटा यायची आहे. एवढ्या चाकांच्या गावातून मी इथल्या एमआयडीसीत न बनलेली, तेहतीस-चौतीस वर्षांची गाडी घेऊन निघालोय. घरी या वाक्याला कुणी हसलं नाही.

दौलताबादच्या पुढे रस्त्याकडेला सीताफळवाल्या. एकीने पाटी पुढे केली आणि गाडीकडे बघून लगेच मागे घेतली. “साहेबांना पैशे लागत नाहीत,” ती शेजारणीला म्हणाली, आम्हाला ऐकू येईल अशी. मामांनी उतरून रोख पैसे मोजले. तरी एक सीताफळ तिने वर टाकलंच.

वेरूळनंतर एका फाट्यावर काळी-पिवळी उभी होती. महिंद्रा कमांडर, पत्रा इतका ठोकलेला की मूळ आकार कोणता ते विचारायलाच नको. जीपचा दुसरा जन्म मराठवाड्यात असा झाला. साहेब उतरला आणि गाव चढलं. आत बारा, ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला एक, मागच्या पायरीवर चार, टपावर शेळी. ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून गाडी चालवायचा. एसटी नाही तिथे बाळंतीण, परीक्षेची पोरं, बाजाराची कोथिंबीर सगळं याच गाडीने गेलं. धोकादायक होतं, बेकायदा तर होतंच. आणि दुसरं काही नव्हतं. जीपच्या इतिहासाच्या पुस्तकांत नॉर्मंडी असते. फुलंब्री-सिल्लोड नसते.

कन्नडला लॉज. डिझेलचा हिशेब : लिटरला साडेदहा.

शुक्रवार, नागापूर आणि अंतूर

आज सकाळी पाऊस. कन्नडहून औट्रम घाटाने चाळीसगावकडे उतरायचा मोह झाला होता. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं नाव घेऊन बसलेला हा घाट ढगात सुंदर दिसतो. पण तिथे ट्रकची रांग लागलेली. म्हणून आम्ही नागापूरकडे वळलो, अंतूर किल्ल्यासाठी. डांबर संपलं. पुढे पांदण.

मामांनी गाडी थांबवायला लावली. पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यावर पितळी टोप्या आहेत, हब. चिखलात उतरून त्या हाताने फिरवायच्या, तेव्हा चाकं पुढच्या अ‍ॅक्सलला जोडली जातात. मग आतली छोटी लिव्हर ओढायची. डांबरावर हे करायचं नाही, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि एकत्र बांधलेली गाडी स्वतःशीच कुस्ती खेळू लागते. चिखलात चाक घसरतं, कुस्ती सुटते.

आमची गाडी दोनशे मीटरवर अडकली.

फोर बाय फोर टाकलं की चारही चाकं ओढतात, हा गैरसमज मी रोख पैसे मोजून विकत घेतला होता. लिव्हर फक्त पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधते. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या पोटात डिफरन्शियल बसलेलं असतं, आणि त्याचा स्वभाव असा की ज्या चाकाला काम कमी त्यालाच ते जोरात फिरवतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं गाळात मोकळं झालं. दोघं भिंगरीसारखी गरगरत होती, बाकीची दोन मख्ख उभी. त्यात ही काळी माती. पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा बुजवते, आणि दोन मिनिटांत नक्षीदार चाकाचा गुळगुळीत वडा होतो.

“कशाला दाबायलास?” मामा ओरडले. “पाय काढ. लो गिअर टाक, पहिला, आन् क्लचवरचा पाय बी काढ. जाऊ दे तिच्या मनानं.”

ते बसले चालवायला. त्यांनी अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्शही केला नाही. इंजिन घरघरत राहिलं, गाडी बोटभर सरकली, परत घसरली. चाकाखाली दगड लावले, पळाट्या लावल्या. तासभर हे चाललं. नव्या प्रकारची लाल थार मागून आली. पंचविशीचा पोरगा, शेजारी मित्र, काचा वर. तो आमच्या शेजारून, त्याच गाळातून, अर्ध्या मिनिटात पार झाला. त्याच्या गाडीत मोकळं फिरणारं चाक ब्रेकने धरून जोर दुसऱ्या चाकाला देण्याची सोय आहे. जुन्यापेक्षा ती गाडी चांगली आहे, यात मला कसलाही वाद घालायचा नाही. पोरगा परत आला, पट्टा लावला, आणि आम्हाला ओढून काढलं.

बाहेर निघालो आणि आमचं इंजिन बंद पडलं.

टाकीत डिझेल कमी, गाडी तासभर तिरकी. पंपाने हवा धरली होती. आता बारा नंबरचा पाना. फिल्टरच्या डोक्यावरचा नट अर्धा आटा सैल केला आणि हातपंपाचं बटण दाबत राहिलो. आधी नुसतं फुसफुस. मग पिवळट फेस, साबणासारखा. तो बोटांवरून ओघळला, फडक्यावर टिपला. फेसाचे बुडबुडे मोठे, मग बारीक, मग तुरळक. शेवटी एक काचेसारखी स्वच्छ धार आली. नट आवळला. वीस आकडे मोजले.

थारवाला बाजूला उभा राहून सगळं बघत होता. “काका, हे आपल्याला करता येतं?” त्याने बॉनेट उघडून स्वतःचं इंजिन दाखवलं, वर काळं प्लॅस्टिकचं झाकण, खाली काय ते झाकलेलं. “मला पाणी कुठं घालायचं तेवढं माहितीये.” मामांनी त्याला नट कुठला ते दोनदा दाखवलं, जणू उद्या त्याला लागणार आहे.

पुढे अंतूरच्या वाटेवर एक चौकोनी दगडी खांब आहे. चारही बाजूंना फारसीत कोरलंय, कोणत्या बाजूचा रस्ता कुठे जातो ते. निजामशाहीतला दिशादर्शक. यातली एक दिशा बुऱ्हाणपूरची. आज भोवती तण आणि गुरांच्या वाटा. ज्या हमरस्त्याचा तो खांब होता तो रस्ता कुठे गेला कुणास ठाऊक. आम्ही दोघं त्याच्या सावलीत बसून सीताफळं खाल्ली. किल्ल्यात तासभर फिरलो, पण पाय दुखत होते आणि मन चिखलातच होतं, तेव्हा अंतूरबद्दल चांगलं लिहिणाऱ्यांवरच ते सोपवतो.

शनिवार, परत

रात्री गावात एका ओसरीवर झोपलो. सकाळी उठलो तर गाडीजवळ एक आजी बसलेली. नऊवारी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. आम्ही उठायची वाट बघत होती.

“कोन्त्या खात्याची गाडी हे, साहेब?”

मी म्हणालो, आजी, खासगी आहे, आम्ही फिरायला आलोय. तिने पत्र्याकडे बोट केलं. रात्रीच्या दवाने अक्षरं उठली होती. तिला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं ती ओळखत होती.

निराधार योजनेचे पैसे तिला चार महिने आले नव्हते. बँकेत विचारलं तर तहसीलला जा म्हणाले, तहसीलला गेली तर कागद अपुरा. मी परत समजावू लागलो. मामांनी मला हाताने थांबवलं, ओसरीवर बसले, चष्मा काढला, आणि एकेक कागद उलगडून वाचला. हयातीचा दाखला जुना होता. बाकी सगळं बरोबर. त्यांनी खिशातून डायरी काढली, तिचं नाव, गाव, खातं लिहून घेतलं. एकतीस वर्षं साहेबाच्या मागे उभं राहून हे कसं करतात ते त्यांनी पाहिलेलं.

“चला, बसा,” ते म्हणाले. “कन्नडला नेतो.”

“मामा, आज शनिवार. तहसील बंद.”

ते गप्प झाले. त्यांच्या काळात शनिवारी कचेरी उघडी असायची.

आजी म्हणाली, मंग कागद तुमच्याजवळ ठेवा. नको म्हणायच्या आधी पिशवी गाडीत, मधल्या लिव्हरीजवळ. वर एक पेंढी हिरव्या मुगाच्या शेंगा.

डांबर लागलं तिथे मामा उतरले, दोन्ही हब सोडवून आले, हात फडक्याला पुसले. शहरात पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दिल्ली गेटला सिग्नलवर म्हणाले, “डिझेल भरून ठेव. फुल्ल. परवा सोमवार.”